आधी माणूस गाडीत चढू दे

मी अंगणवाडीची मदतनीस होते, चांगली तेरा वर्षं. मदतनीस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. सकाळी सगळ्यांच्या आधी जाऊन कुलूप काढायचं, झाडून घ्यायचं, पाणी भरायचं, घरोघर फिरून पोरं गोळा करायची, खिचडी शिजवायची, नाकं पुसायची, आणि वरचे साहेब पाहणीला आले की भिंतीला पाठ लावून उभं राहायचं. खुर्चीवर बसते ती सेविका. रजिस्टर तिचं, सही तिची. आमच्या सेविका बाई फार भल्या होत्या, त्यांच्याबद्दल माझी कसलीच तक्रार नाही. पण गुडघ्यांमुळे त्यांना खाली बसता येत नव्हतं, दिसत कमी होतं, आणि शेवटची पाच-सहा वर्षं पोरांना गाणी, गोष्टी, रंग, आकडे हे सगळं मीच शिकवत होते. खोटं कशाला बोलू, मला त्याचा रागही यायचा आणि माझं सगळं सुखही त्यातच होतं.

एक दिवस पोरं घरी गेल्यावर मी भांडी घासत होते. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हे पाह्य," त्या म्हणाल्या, "पुढच्या दिवाळीच्या आत मी रिटायर होऊन राह्यली. मदतनीस बारावी पास असली तं तिलेच सेविका करतात. नाही तं जाहिरात निघते, मंग कोनी बी येते. तू बारावी करून टाक."

"या वयात?"

"मंग काय माह्या वयात करशीन?"

भांडी घासता घासता मला पुढचं सगळं दिसलं. कुणीतरी नवी येईल, खुर्चीवर बसेल, आणि मी तेरा वर्षं झाडलेल्या जमिनीवर कुठे कचरा राहिला ते मला बोटाने दाखवेल. पोरं तिची होतील. मला बाकी काहीही चाललं असतं, हे नको होतं. त्याच आठवड्यात मी सतरा नंबरचा फॉर्म भरला. बाहेरून परीक्षेला बसणाऱ्यांचा तो फॉर्म असतो.

मी बारावीत असतानाच माझं कॉलेज सुटलं होतं. माझं माहेर नेरच्या बाजूला, रस्त्यावरच्या फाट्याला लागूनच. कॉलेज नेरला होतं. मधल्या परीक्षेत मी इंग्रजीत नापास झाले, बाबांनी गुणपत्रिका पाहिली, आणि स्थळ तर दारात येऊन उभंच होतं. मी दारव्ह्याच्या बाजूला सासरी आले. त्यानंतरची वीसेक वर्षं इंग्रजी मला फक्त औषधाच्या बाटलीवर आणि बियाण्याच्या थैलीवर दिसलं, आणि मीही त्याच्याकडे मान वळवून पाहिलं नाही.

फॉर्म भरला, परीक्षा दिली. मे महिन्यात निकाल लागला तेव्हा बाकीचे सगळे विषय निघाले होते आणि इंग्रजी राहिलं होतं. जुनं वैर ते, सुखासुखी थोडंच सोडणार. पावसाळ्यात पुरवणी परीक्षा होती. तेवढी एकच संधी बाईंच्या निवृत्तीच्या आधी हातात होती.

पेपरमधलं सगळंच मला जड होतं. पण पत्र, सारांश, उतारा हे रेटून नेता येत होतं. माझी गाडी रुतायची ती एकाच जागी. दोन वाक्यं जोडा. योग्य शब्द निवडा. हू, विच, हूज, हूम, दॅट. गाईडमध्ये लिहिलं होतं की ही संबंधी सर्वनामं. आता जो-जी-जे मला काही नवे नाहीत. भांडताना तर मी ते फारच छान वापरते. "जिच्या मोरीचं पाणी माह्या दारात येते, तिनं मले स्वच्छता शिकवू नये," असं मी एका दमात म्हणू शकते, आणि म्हटलेलंही आहे. पण कागदावर इंग्रजी आलं की बाई, पोरगी, बकरी, पाण्याची टाकी, सगळ्यांना मी सरसकट विच लावत सुटायचे. गाईडमधले नियम पाठ होते. त्यांचा मला शून्य उपयोग होता.

बाईंनीच पत्ता दिला. दारव्ह्याला एसटी स्टँडच्या मागच्या गल्लीत एक निवृत्त कंडक्टर राहतात, बाईंची मुलगी त्यांच्याकडेच इंग्रजी शिकली होती. मी एका रविवारी दुपारी गेले. दारातच त्यांची बायको शिलाई मशीनवर रजईची खोळ शिवत बसली होती, आणि ते स्वतः चटईवर लोणच्याच्या कैऱ्या फडक्याने पुसत होते. पहिल्याच दिवशी ते माझे चाचा झाले आणि त्या चाची झाल्या.

त्यांनी मला नाव विचारलं नाही. आधी विचारलं, "कोणत्या गाडीनं आली?" मग, "परतीची गाडी किती वाजताची?" मी वेळ सांगितली. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं, कैऱ्यांची टोपली बाजूला सारली आणि म्हणाले, "मंग आपल्यापाशी सव्वा तास आहे. लिही एक वाक्य. तुह्या अंगणवाडीतल्या एखाद्या पोरावर."

मी लिहिलं, 'विच बॉय इज क्राइंग, दॅट बॉय इज हंग्री.'

त्यांनी वाचलं. मी हसण्याची वाट पाहत होते, म्हणजे मला चिडता आलं असतं. ते हसले नाहीत.

"हे मराठीच आहे बेटा," ते म्हणाले. "फक्त कपडे इंग्रजीचे घातले. आपण काय म्हणतो? जो पोरगा रडून राह्यला, तो उपाशी आहे. आधी त्याची सारी माहिती, मंग तो. इंग्रजी गाडीत असं चालत नाही. आधी माणूस गाडीत चढू दे. द बॉय. चढला? आता इचार त्याले, तू कोन? हू इज क्राइंग. बस. आता घंटी मार अन् गाडी पुढं जाऊ दे. इज हंग्री."

एवढंच होतं. कॉलेजात एक शिकवणारे होते, नंतर गाईड होतं, मोबाइलवर एक सुटाबुटातला माणूस होता, त्यांच्यापैकी कुणीही मला हे सांगितलं नव्हतं. मी वहीवर वाक्य पुन्हा लिहिलं आणि ते बरोबर आलं. मला इतका आनंद झाला की मी चाचींकडे वळून वही दाखवली. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण त्यांनी चष्मा लावून पाहिली आणि "बहोत अच्छा" म्हणून पुन्हा मशीन सुरू केलं.

चाचा कुठल्या कॉलेजात शिकलेले नव्हते. दहावीनंतर एसटीत लागले. इंग्रजी ते गाडीतल्या पेपरांवर शिकले. कुणी शिकलेला प्रवासी पेपर वाचून सीटवर टाकून जायचा, तो चाचा शेवटच्या स्टॉपवर उचलायचे आणि गाडी परत निघेपर्यंत वाचायचे. शब्द अडला की पुढच्या फेरीत एखाद्या मास्तरला विचारायचे. असं त्यांनी नोकरीभर केलं. त्यामुळे त्यांचं व्याकरण सगळं गाडीतलं होतं. हू कधी आणि विच कधी, याचाही त्यांचा नियम तिथलाच.

"ज्याचं तिकीट लागते ते हू," त्यांनी दुसऱ्या रविवारी सांगितलं. "ज्याचं लगेज लागते ते विच. बाई, माणूस, पोलीस, मास्तर, हू. पेटी, गोणी, सायकल, विच. अन् लगेज दिसून राह्यलं पण मालक दिसत नाही, तं आपण काय वरडतो? कोणाचं आहे हे? ते हूज."

मी भराभर लिहून घेत होते. मग माझं पेन थांबलं.

"चाचा, लहान पोराचं तिकीट लागते का?"

"नाही. मांडीवरचं लेकरू फुकट."

"म्हणजे माह्या अंगणवाडीतले सारे पोरं विच?"

माझा आवाज चढला होता. मला त्या नियमाचा खरोखर राग आला होता. तेरा वर्षं ज्यांची नाकं पुसली ती पोरं पेट्या-गोण्यांच्या रांगेत? चाचींचं मशीन थांबलं. चाचांनी पेन्सिल खाली ठेवली. एखाद्याने आपलं म्हणणं खरं करण्यासाठी काहीतरी फाटा फोडला असता. ते म्हणाले, "चुकला माहा नियम. तिकीट नसलं तरी माणूसच आहे ते. तिकिटाच्या मशीनले नाही दिसत, आपल्याले दिसते. लिही, मांडीवरचं लेकरू बी हू." आणि मग थोडे लाजून म्हणाले, "तीस साल झाले, हे कोणी इचारलंच नव्हतं."

त्या दिवसापासून मी त्यांच्यावर पूर्ण विश्वास टाकला. आपलं चुकलं असं म्हणणारा शिकवणारा मला त्याआधी भेटला नव्हता.

चाचांना माणसांची नावं माहीत नसायची, ही गोष्ट चाची रंगवून सांगायच्या. कंडक्टर कुणाचं नाव विचारत नाही. त्यांच्या डोक्यात माणसं अशीच राहिलेली होती: जी बाई दर बाजाराला कोंबड्यांचं टोपलं घेऊन चढते ती, ज्याला झोप लागते आणि जो एक स्टॉप पुढे जाऊन भांडतो तो, जिच्या पिशवीतून कोथिंबीर सांडते ती. "शादी के बाद एक साल," चाची म्हणायच्या, "मेरा भी नाम नहीं लेते थे. किसी को बोलना हुआ तो, वो जो घर में है." मी हसले, पण हसायला माझं तोंड कुठे होतं? आमच्या घरीही मी नवऱ्याला कधी नावाने हाक मारलेली नाही; अजूनही 'आमचे ते' असंच चालतं. आमचे ते मात्र त्या दिवसांत दर रविवारी मला मोटारसायकलवरून स्टॉपवर सोडायचे आणि गाडी दिसेपर्यंत थांबायचे. एकदा म्हणाले, "तू पास झाली तं मले बी थोडी शिकवजो, बियाण्याच्या थैलीवर काय लिहून राह्यते ते वाचता आलं पाहिजे." ते थट्टेने म्हणाले की मनापासून, हे मला अजून कळलेलं नाही.

चाचांनी मला घरचा अभ्यास एकच दिला होता. दर रविवारी दहा वाक्यं, आणि सगळी आपल्या कामातली. गाईडमधलं एक वाक्य दिसलं तर वही परत. मी खिचडी शिजत असताना, चुलीजवळ वही धरून, पोरांकडे पाहत वाक्यं जुळवायचे. ती मुलगी जी फक्त एकाच पायात चप्पल घालते. तो मुलगा ज्याची आई निंदायला जाते आणि जो तिची पिशवी दिवसभर सोडत नाही. ती, जी रडत नाही पण भिंतीकडे तोंड करून बसते. ते गाणं जे सगळ्यांना येतं आणि मलाच अर्धं येतं. सुरुवातीला दहा वाक्यं काढायला माझा आठवडा जायचा. पुढे पुढे एका सकाळीच दहा व्हायची. कारण प्रत्येक पोरामागे हू आणि हूज जोडायला त्याच्याकडे नीट पाहावं लागतं, आणि पाहिलं की काहीतरी दिसतंच. जी भिंतीकडे तोंड करून बसायची तिला ऐकू कमी येत होतं, हे माझ्या तेव्हाच लक्षात आलं. तिला यवतमाळला तपासणीला पाठवलं. आज तिच्या कानात यंत्र आहे आणि ती सगळ्यांत जास्त कलकलाट करते. त्या मुलीची आई माझे आभार मानते. मी मनातल्या मनात ते चाचांकडे पाठवते.

दॅटबद्दल चाचांचं मत फारसं चांगलं नव्हतं. "ते सगळीकडं चालते," ते म्हणायचे, "म्हणून आळशी माणूस तेच वापरते. तू नको वापरू. अडलीच तर वापर." हूमला मी शेवटपर्यंत घाबरून राहिले. चाचा सांगायचे, ज्यानं काम केलं तो हू, ज्याच्यावर झालं तो हूम. ज्या बाईनं मले बोलावलं ते हू, ज्या बाईले मी उतरवलं ते हूम. मला त्यांच्या तोंडून ऐकताना समजायचं आणि घरी येईपर्यंत उतरून जायचं.

जुलैत परीक्षा दिली. जोडायची वाक्यं आली, योग्य शब्द निवडा आलं. मी प्रत्येक ठिकाणी आधी माणसाला गाडीत चढवलं. हूम आला तिथे कुणावर काम झालं ते दोनदा तपासलं आणि लिहिलं. निकालाच्या दिवशी आमच्या त्यांनी मोबाइलवर नंबर टाकला आणि पडद्याकडे पाहतच राहिले. मी म्हटलं, "बोला ना आता." ते म्हणाले, "झाली." काठावर झाले, पण झाले. दुसऱ्या दिवशी मी खिचडीऐवजी पोरांना शिरा केला. सेविका बाई खुर्चीवरून उठून, गुडघे धरत, पोरांमध्ये खाली येऊन बसल्या आणि त्यांनी तो शिरा पोरांबरोबर खाल्ला.

इथे गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं, असं मला पुढचा आठवडाभर वाटत होतं.

बाईंची फाईल आणि माझी फाईल एकत्रच दारव्ह्याला तालुक्याच्या ऑफिसात गेली. मला बोलावणं आलं. तिथल्या बाबूंनी टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवले. एक माझं बारावीचं गुणपत्रक, दुसरं माझं आधार कार्ड.

"बाई, हे कोन आहे?"

"मी."

"अन् हे?"

"ते बी मीच."

"मंग दोघीतली पास कोन झाली?"

त्यांचं चुकत नव्हतं. दोन्ही कागदांवर नाव वेगळं, बापाच्या जागी नवरा, आडनाव वेगळं. शाळा-कॉलेजचे सगळे दाखले माहेरच्या नावाचे, आणि परीक्षाही त्याच नावावर. लग्नात मुलीचं आडनाव बदलतं हे कुणालाही समजतं. पण आमच्यात पहिलं नावही बदलतात. माझ्या थोरल्या जावेचं नाव आणि माझं नाव एकच होतं, आणि एका घरात एका नावाच्या दोघी कशा, म्हणून सासूबाईंनी ताटातल्या तांदळावर माझं दुसरं नाव लिहवून घेतलं. कुणी मला विचारलं नाही आणि मलाही त्यात विचारण्यासारखं काही वाटलं नाही. लग्न सामूहिक मेळाव्यात लागलं होतं, त्यामुळे दोन्हीकडची नावं एकत्र छापलेली पत्रिकाही नव्हती. जी मुलगी शिकली ती एक, आणि जी बाई तेरा वर्षं झाडत होती ती दुसरी. कागदावर त्या दोघींची कधी भेटच झाली नव्हती.

"पक्कं काम मागून होईन," बाबू म्हणाले. "आज मले एक साक्ष पाहिजे. नात्यातला नको. माहेरचंही पाह्यलेलं अन् सासरचंही पाह्यलेलं असा माणूस आणा. साडेपाचले फाईल जिल्ह्याले चालली. आज नाही गेली तं जागा जाहिरातीत जाईन."

तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. मी ऑफिसच्या भिंतीला टेकून फोन लावत बसले. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली होती, भाऊ पुण्याला, आणि तो नात्यातला. माहेरची एक शेजारीण म्हणाली, उद्या येते. आमचे ते नात्यातले. सेविका बाईंनी मला सासरीच पाहिलेलं. अर्ध्या तासात फोन लावण्यासारखं कुणी उरलं नाही. साक्षीदार म्हणून चाचा माझ्या मनातही आले नव्हते. मी स्टँडच्या मागच्या गल्लीत गेले ते फक्त रडायला. ज्यांनी शिकवलं त्यांना सांगावं, की शिकवलेलं सगळं पाण्यात गेलं.

चाचींनी पाणी दिलं. चाचांनी सगळं ऐकून घेतलं.

"काहून रडून राह्यली?" ते म्हणाले. आत गेले, इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर आले आणि चपला पायात सरकवल्या. "चाल."

"चाचा, तुमाले माह्या माहेरचं काय माहीत?"

ते पुढे चालू लागले होते.

ऑफिसात बाबूंनी त्यांना खुर्ची दिली. कोण, काय, विचारलं. निवृत्त कंडक्टर म्हटल्यावर थोडी आदराने मान हलवली.

"हिले ओळखता?"

"हो."

"नाव सांगा हिचं. आधीचं अन् आताचं."

चाचा माझ्याकडे वळले. "बेटा, नाव काय तुहं?"

बाबूंनी पेन खाली ठेवलं. शेजारच्या टेबलावरची बाई हसली. मला वाटलं, जमिनीत जावं. इतके रविवार त्या चटईवर बसले, आणि मी बेटाच राहिले होते.

"साहेब, नाव नाही माहीत," चाचा शांतपणे म्हणाले. "पण हे कोन आहे ते माहीत आहे. तुमी लिहा. मी नेरच्या गाडीवर होतो, सकाळच्या फेरीले. फाट्यावर तीन पोरी चढत. त्यातली जे बसत नव्हती, ते हे. जागा खाली असली तरी उभी राहे. खांबाले कोपर अडकवे, अन् इंग्रजीचं पुस्तक वाचे. ओठ हालत राहात. नेरले कॉलेजच्या स्टॉपवर उतरे. बारावीचं साल होतं, मधातच यायची बंद झाली. मंग दोन-तीन साल गेले. मी इकडच्या फेऱ्यावर आलो. एक दिवस एक बाई चढली. कडेवर लेकरू. जागा होती, बसली नाही. लेकरू एका हातात, अन् दुसऱ्या हाताचं कोपर खांबाले. मी तिकीट फाडता फाडता म्हटलं, हे तेच आहे."

दीड वर्ष मी त्या गाडीने गेले होते, आणि मला त्या गाडीचा कंडक्टर आठवत नव्हता. कंडक्टरचा चेहरा कोण पाहतं? आपल्याला त्याचा हात तेवढा दिसतो. चाचांकडे शिकायला गेले तेव्हाही मला वाटलं होतं की मी त्यांना पहिल्यांदाच भेटते आहे.

बाबूंनी माझ्या फाईलमधला कॉलेज सोडल्याचा दाखला उलटून काढला. गाव, कॉलेज, वर्ग, वर्षाच्या मधेच सोडल्याची नोंद. चाचांनी तो कागद कधी पाहिला नव्हता, आणि नाव सोडून सगळं जुळत होतं.

"पण चाचा," बाबू म्हणाले, आता त्यांचा आवाज बदलला होता, "तुमी तं रोज हिचा पास पाहत असान. पासावर नाव राह्यते."

"साहेब, कंडक्टर नाव नाही पाहत. तारीख पाहते."

बाबूंनी कोरा कागद पुढे सरकवला. मराठीत लिहा म्हणाले. चाचांनी आधी इंग्रजीत लिहिलं, नीट, एकेक अक्षर काढत, आणि खाली मराठीत. जी मुलगी फाट्यावरून चढत असे आणि जी बाई ही परीक्षा पास झाली आहे, त्या दोघी एकच आहेत. तेरा वर्षांची नोकरी आणि वीस वर्षांपूर्वीची शाळा त्या एका ओळीत जोडली गेली. फाईल साडेपाचला गेली. पुढे महिनाभराने आदेश आला, आज रजिस्टर माझं आहे, सही माझी आहे, आणि माझ्या मदतनीसला मी भिंतीला टेकून उभं राहू देत नाही. हे सगळं त्या माणसामुळे झालं. हे मी कितीही वेळा सांगितलं तरी माझं मन भरत नाही.

पण मला सांगायचं आहे ते त्या संध्याकाळचं. आम्ही दोघं ऑफिसच्या पायऱ्या उतरून स्टँडकडे चालत होतो. आनंदाने मला धड चालता येत नव्हतं, आणि तरी मी त्यांच्यावर चिडले.

"इतके रविवार शिकवलं, अन् ओळखता म्हणून एक शब्द बोलले नाही. काहून?"

"तू आपल्या मनानं सांगितलं असतं तं बोललो असतो," ते म्हणाले. "जिचं शिकणं सुटलं तिले कायले आठवण द्यावं?"

थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा बोलले, माझ्याकडे न पाहता.

"पोरीचा पास संपते अन् मंग ते येत नाही, तं समजते, झालं शिक्षण, किंवा बापानं थांबवलं. तुह्या पासाचे नऊ दिवस बाकी होते बेटा. मले वाटलं, बिमार असन. उद्या येईन. मी नऊ दिवस फाट्यावर गाडी थांबवून ठेवली. ड्रायव्हर चिडे. मी म्हणे, वाजव अजून एक डाव हॉर्न, एक पोरगी यायची राह्यली आहे."

मी रस्त्यातच उभी राहिले. कारण तो हॉर्न मी ऐकलेला होता. लग्न ठरल्यानंतरचे ते दिवस. सकाळी आम्ही घरात रुखवताची तयारी करत बसलेलो असायचो, आणि फाट्यावरून गाडी वाजायची. एकदा, मग थांबून पुन्हा, मग पुन्हा. मी हातातलं काम सोडून आईला विचारायचे, "आजकाल गाडी कोणाची वाट पाहून राह्यली वं, एवढी?"

आई मान वर न करता म्हणायची, "असंन कोनी."